वैद्याचा परदेशप्रवास : शेंगेन व्हिसा, प्रवेशाचे नियम आणि चिकित्सेची मर्यादा

आयुर्वेदाविषयी युरोपात असलेली जिज्ञासा आता केवळ कुतूहलापुरती राहिलेली नाही. जानुसंधिगत वातावर बर्लिन येथे झालेल्या, १५१ रुग्णांचा समावेश असलेल्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आयुर्वेदीय चिकित्सेला तेथील वैद्यकीय नियतकालिकात मानाचे स्थान मिळाले. साहजिकच व्याख्याने, कार्यशाळा, परिषदा आणि औषधप्रदर्शने यांची निमंत्रणे आपल्या व्यवसायबंधूंना व औषधनिर्मात्यांना अधिकाधिक येऊ लागली आहेत. निमंत्रण आले की आनंदाच्या भरात तिकिटाची चौकशी प्रथम होते आणि व्हिसाचा विचार प्रवासी संस्थेवर सोपवला जातो. येथेच अनेकांची फसगत होते. म्हणून शेंगेन क्षेत्र आणि त्यातही प्रामुख्याने जर्मनी हे उदाहरण घेऊन या विषयाची क्रमवार मांडणी करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. परदेशी जाणाऱ्या वैद्याला तीन स्वतंत्र अनुज्ञांचा विचार करावा लागतो. पहिली, त्या देशात प्रवेश करण्याची. दुसरी, तेथे काम वा चिकित्सा करण्याची. तिसरी, तेथे औषधिद्रव्ये नेण्याची. या तिन्हींचे कायदे वेगळे आणि अधिकारीही वेगळे आहेत. व्हिसा पासपोर्टवर चिकटवला गेला म्हणजे उरलेल्या दोन्ही अनुज्ञा आपोआप मिळाल्या, असे समजणे धोक्याचे आहे. आयुर्वेदाच्या हेतु, लिंग, औषध या त्रिसूत्राची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हा क्रम समजणे कठीण जाऊ नये. प्रवासाचा हेतू कोणता, त्या हेतूची साक्ष देणारी लक्षणे म्हणजे कागदपत्रे कोणती आणि सोबतचे औषध कोणते, असे हे तीन प्रश्न आहेत.

शेंगेन क्षेत्र म्हणजे काय?

लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपसांतील सीमातपासणी क्रमाने रद्द करण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमलबजावणी २६ मार्च १९९५ पासून झाली. १ जानेवारी २०२५ रोजी बल्गेरिया व रुमानिया यांचा पूर्ण समावेश झाल्यावर या क्षेत्रातील देशांची संख्या २९ झाली. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन हे युरोपीय संघाचे सभासद नसूनही शेंगेन क्षेत्रात आहेत. उलट आयर्लंड संघाचा सभासद असूनही या क्षेत्राबाहेर आहे. ब्रिटनसाठी सर्वस्वी स्वतंत्र व्हिसा लागतो. जर्मनीतील कार्यशाळेनंतर लंडनला चार दिवस जाऊन येण्याचा बेत आखणाऱ्यांनी ही बाब विसरू नये. तेथून पुन्हा जर्मनीत यायचे असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा असलेला शेंगेन व्हिसाच उपयोगी पडतो.

व्हिसाचे प्रकार

शेंगेन क्षेत्रासंबंधी व्हिसाचे तीन प्रकार आहेत. ‘ए’ प्रकार विमानतळावरून पुढे जाण्यासाठीचा आहे. त्यावर विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय विभागाबाहेर पाऊल ठेवता येत नाही. ‘सी’ प्रकार अल्पमुदतीचा असून कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस वास्तव्याची अनुमती देतो. पर्यटन, नातेवाइकांची भेट, व्यावसायिक भेट, परिषद हे सर्व हेतू याच प्रकारात येतात. ‘डी’ प्रकार ९० दिवसांहून अधिक वास्तव्यासाठी असून तो त्या त्या देशाच्या राष्ट्रीय कायद्यानुसार नोकरी, शिक्षण वा कुटुंबासमवेत राहण्याच्या कारणास्तव दिला जातो.

‘सी’ प्रकारचा कागद दिसायला एकच असला, तरी अर्जात प्रवासाचा हेतू नमूद करावा लागतो आणि त्याच हेतूवर पुढील सर्व छाननी बेतलेली असते. अर्ज पर्यटनाचा आणि पिशवीत कार्यशाळेची पत्रके, अशी विसंगती असेल तर वैध व्हिसा असूनही प्रवासी अडचणीत येतो. व्यावसायिक भेटीचा हेतू नमूद केल्यास बैठका, वाटाघाटी, करारावर स्वाक्षरी, प्रदर्शनास भेट या गोष्टी करता येतात. विशेष शास्त्रीय मूल्य असलेल्या व्याख्यानांसाठी जर्मन कायद्यात मर्यादित सवलतही आहे. मात्र रुग्णांवर उपचार करणे यांपैकी कशातही मोडत नाही.

अर्ज कोठे आणि केव्हा करावा?

एकाहून अधिक देशांत जायचे असल्यास ज्या देशातील वास्तव्य हेतूच्या अथवा मुदतीच्या दृष्टीने मुख्य असेल, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुख्य देश ठरवता येत नसेल, तर ज्या देशात प्रथम प्रवेश होणार तो देश ग्राह्य धरतात. समजा, म्युनिक येथे सहा दिवसांची कार्यशाळा आहे आणि नंतर चार दिवस पॅरिस पाहायचे आहे. विमान प्रथम पॅरिसला उतरत असले, तरी अर्ज जर्मनीकडेच करावा. ‘अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो’ या ऐकीव माहितीवर भलत्याच देशाकडे अर्ज करणे म्हणजे पहिल्याच पायरीवर असत्य कथन करणे होय.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णयासाठी १५ दिवसांची मुदत असून, अधिक चौकशी आवश्यक वाटल्यास ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. उन्हाळ्यात अर्जकेंद्रातील भेटीची वेळ मिळण्यासही विलंब होतो. यास्तव तारीख निश्चित होताच, निदान दोन-तीन महिने आधी, तयारीला लागावे. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्जकेंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला गेल्यास ही रक्कम परत मिळत नाही. अर्जाच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते पुढील ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

कागदपत्रे : हेतूची लक्षणे

पासपोर्ट मागील दहा वर्षांच्या आत दिलेला असावा, परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात किमान दोन कोरी पाने असावीत. प्रवास वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा असून तो संपूर्ण शेंगेन क्षेत्रात व संपूर्ण वास्तव्यकाळात लागू असणे बंधनकारक आहे. तातडीची चिकित्सा, रुग्णालयीन उपचार आणि दुर्दैवाने मृत्यू ओढवल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च त्यात समाविष्ट असावा लागतो.

यानंतर येतात ती अर्जदाराची परिस्थिती सिद्ध करणारी कागदपत्रे. वैद्यांनी राज्य परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र, पदवी प्रमाणपत्र, दवाखान्याचा नोंदणी दाखला, आयकर विवरणपत्रे आणि मागील काही महिन्यांचे बँकेचे उतारे जोडावेत. औषधनिर्मात्यांनी उत्पादन परवाना, जीएसटी नोंदणी, भागीदारीपत्र अथवा कंपनीची नोंदणी आणि स्वतःच्या लेटरहेडवर प्रवासाचा उद्देश सांगणारे पत्र जोडावे. या सर्वांतून अधिकाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात : या व्यक्तीचा खर्च कोण करणार आणि ही व्यक्ती परत येणार कशावरून? मायदेशी स्थिर व्यवसाय, कुटुंब, मालमत्ता आणि नियमित उत्पन्न ही परतीची लक्षणे होत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक जमा झालेली मोठी रक्कम हे मात्र उपद्रवाचे लक्षण ठरते.

निमंत्रणपत्र हे या सर्वांत महत्त्वाचे. त्यात निमंत्रक संस्थेचे पूर्ण नाव व पत्ता, कार्यक्रमाच्या तारखा, स्थळ, पाहुण्याने नेमके काय करावयाचे आहे याचे वर्णन आणि प्रवास, निवास व मानधन यांचा भार कोणावर आहे याचा स्पष्ट उल्लेख असावा. आमच्या परिचयातील एका ज्येष्ठ वैद्यांचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. त्यांना व्याख्यानासाठी बोलावले होते आणि अर्ज व्यावसायिक भेटीचा होता. परंतु निमंत्रक संस्थेने उत्साहाच्या भरात पत्रात ‘नाडीपरीक्षा व वैयक्तिक सल्ला, पूर्वनोंदणी आवश्यक’ असे वाक्य घातले आणि आपल्या प्रसिद्धिपत्रकात त्याचे शुल्कही छापले. प्रवासाचा हेतू पटत नसल्याचे कारण देऊन व्हिसा नाकारण्यात आला. वैद्यांची विद्वत्ता वा प्रामाणिकपणा यांबद्दल कोणाला शंका नव्हती. कागदानेच कागदाला खोटे पाडले. म्हणून निमंत्रणाचा मसुदा आणि कार्यक्रमाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वी आपण स्वतः वाचून घ्यावी, हा आग्रह धरण्यात संकोच करू नये.

चिकित्सेची मर्यादा

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. बी.ए.एम.एस. ही पदवी भारतात वैधानिक आहे. जर्मनीत तिच्या आधारे वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. तेथे १९३९ चा हाइलप्रॅक्टिकर कायदा अद्याप लागू आहे. त्यानुसार रोगनिदान व रोगचिकित्सा करण्याचा अधिकार मान्यताप्राप्त डॉक्टरांना अथवा आरोग्य कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवलेल्या निसर्गोपचारकांना आहे. विनापरवाना चिकित्सा करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास अथवा दंडाची तरतूद या कायद्यात आहे. मानधन न घेता, सेवाभावाने नाडी पाहिली तरी कायद्याच्या दृष्टीने ती चिकित्सा ठरू शकते. बस्ती, रक्तमोक्षण यांविषयी तर शंकाच नको. केवळ स्वास्थ्यरक्षणार्थ केलेला अभ्यंग हा चिकित्सा नसला, तरी ते काम आहेच आणि कामासाठी निराळी अनुमती लागते.

नावामागील उपाधीचीही काळजी घ्यावी. ‘डॉक्टर’ व त्यासदृश पदव्या अनधिकृतपणे लावणे हा जर्मन दंडसंहितेच्या कलम १३२-अ नुसार गुन्हा आहे. प्रसिद्धिपत्रकात ‘वैद्य’ लिहून पुढे भारतीय पदवीचे मूळ नाव व विद्यापीठ द्यावे, हा निर्वेध मार्ग होय.

मग वैद्याने तेथे जाऊन करावे तरी काय? करण्यासारखे पुष्कळ आहे. विद्यार्थ्यांना शिकवता येते, परिषदेत निबंध वाचता येतो, ग्रंथांचे विवेचन करता येते. तेथील परवानाधारक डॉक्टरांशी शास्त्रीय चर्चा करता येते. निदान व चिकित्सेचा निर्णय आणि जबाबदारी मात्र त्यांचीच राहते. ज्यांना दीर्घकाळ तेथे राहून कार्य करायचे आहे, त्यांनी जर्मन भाषा शिकून, परवान्याची परीक्षा देऊन, ‘डी’ प्रकारच्या व्हिसाचा राजमार्ग धरावा. स्वित्झर्लंडने २०१५ मध्ये आयुर्वेद वैद्यक या शाखेसह निसर्गोपचारकांची संघीय पदविका मान्य केली, हे या संदर्भात आशादायक आहे. आणखी एक मार्ग आपल्याच दारी आहे. भारत शासनाने जुलै २०२३ मध्ये आयुष उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी नागरिकांकरिता स्वतंत्र आयुष व्हिसा सुरू केला. युरोपातील रुग्णाला चिकित्सा द्यायची असेल, तर वैद्याने तेथे चोरून नाडी पाहण्यापेक्षा रुग्णाने येथे रीतसर येणे दोघांच्याही हिताचे आहे.

सोबतची औषधे

औषधनिर्मात्यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. युरोपीय संघाच्या नियमानुसार संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस व दुग्धजन्य पदार्थ सोबत आणता येत नाहीत. तूप हा दुग्धजन्य पदार्थ आहे. त्यामुळे सिद्धघृते सामानात ठेवू नयेत आणि च्यवनप्राशासारख्या अवलेहातही तूप असते, हे ध्यानात ठेवावे. मधासारख्या काही प्राणिज पदार्थांना दोन किलोपर्यंत मुभा आहे. ताज्या वनस्पती, मुळे, बियाणे यांच्यासाठी १४ डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. कुंडीतील तुळस वा गुळवेलीचे ताजे तुकडे भेट म्हणून नेण्याचा मोह टाळावा.

दुसरे बंधन दुर्मीळ वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या १९७३ च्या कराराचे, म्हणजेच ‘साइटिस’चे आहे. कुष्ठ ही वनस्पती त्याच्या पहिल्या परिशिष्टात, तर जटामांसी, कुटकी, सर्पगंधा व रक्तचंदन दुसऱ्या परिशिष्टात आहेत. जटामांसी, कुटकी व सर्पगंधा यांची किरकोळ विक्रीसाठी बांधलेली तयार औषधे नियमातून वगळली आहेत. कच्च्या द्रव्याला मात्र परवाना लागतो. कुष्ठाच्या बाबतीत तयार औषधालाही अशी सूट नाही. नारायण तेलाच्या पाठात कुष्ठ व जटामांसी दोन्ही आहेत. यावरून आपल्या नित्याच्या कल्पांपैकी कितींना हा नियम लागू पडतो, याची कल्पना यावी.

रसौषधींचा प्रश्न याहून बिकट आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून पाश्चात्त्य देशांतील अधिकारी आयुर्वेदीय औषधांकडे साशंकतेने पाहतात. शोधन-मारणाविषयीचे आपले विवेचन सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या टेबलापाशी ऐकून घेतले जात नाही. तेव्हा स्वतःच्या नित्य उपयोगाचे औषध तेवढे, प्रवासकाळापुरते, मूळ बांधणीत, वनस्पतींची लॅटिन नावे असलेल्या लेबलासह आणि इंग्रजी औषधपत्रासह न्यावे. कार्यशाळेत वाटण्यासाठी नेलेली पाकिटे वा प्रदर्शनासाठी नेलेले नमुने वैयक्तिक उपयोगाचे ठरत नाहीत. त्यांची रीतसर पाठवणी निमंत्रक संस्थेच्या साहाय्याने आधीच ठरवावी. युरोपात विक्री करण्याचा मानस असेल, तर संघाचा २००४ चा पारंपरिक वनौषधींविषयीचा निर्देश अभ्यासावा. त्यानुसार सोप्या पद्धतीने नोंदणीसाठी ३० वर्षांच्या परंपरागत उपयोगाचा आणि त्यांपैकी सामान्यतः १५ वर्षे युरोपीय संघातील उपयोगाचा पुरावा द्यावा लागतो.

दिवसांचा हिशेब आणि सीमेवरील तपासणी

व्हिसा हाती आल्यावर त्यावरील तीन नोंदी नीट वाचाव्यात : वैधतेचा कालावधी, प्रवेशांची संख्या आणि वास्तव्याचे दिवस. वैधता सहा महिन्यांची आणि वास्तव्य केवळ १५ दिवसांचे, असेही असू शकते. ९० दिवसांचा हिशेब कॅलेंडरच्या सहामाहीने होत नाही. वास्तव्याच्या प्रत्येक दिवशी मागील १८० दिवस मोजले जातात आणि प्रवेशाचा व प्रस्थानाचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. समजा, अनेक प्रवेशांचा व्हिसा असलेले एक वैद्य १ मार्च ते १४ एप्रिल असे ४५ दिवस राहून परतले आणि पुन्हा १ जुलैला गेले. त्यांच्या हाती आता ४५ दिवसच उरतात. १४ ऑगस्टपर्यंत त्यांनी शेंगेन क्षेत्र सोडले पाहिजे.

पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरील शिक्क्यांवरून होत असे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत प्रवाशांच्या येण्याजाण्याची संगणकीय नोंद होते. एक दिवस अधिक राहिले तरी ते यंत्राला कळते आणि त्याचा परिणाम पुढील अर्जांवर होतो. व्हिसा असूनही सीमेवरील अधिकारी प्रवेश नाकारू शकतो, हेही स्मरणात असावे. म्हणून निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट, निवासाचा पुरावा, विमापत्र आणि खर्चाची तरतूद दाखवणारे कागद हातातील पिशवीत ठेवावेत. विचारलेल्या प्रश्नांना अर्जात लिहिले तेच उत्तर द्यावे.

नियम पाळणाऱ्यास त्याचे फळही मिळते. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय नागरिकांसाठी स्वीकारलेल्या पद्धतीनुसार, मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून त्यांचा कायदेशीर वापर केलेल्यांना अनेक प्रवेशांचा दोन वर्षांचा आणि सामान्यतः त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. पासपोर्टची वैधता मात्र तेवढी हवी.

व्हिसा नाकारला गेल्यास कारणांचा छापील नमुना मिळतो. तो शांतपणे वाचून उणीव भरून काढावी व नवा अर्ज करावा. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडे फेरविचार मागण्याची सोय बंद केली आहे. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे हाच दुसरा पर्याय उरतो. पूर्वीचा नकार पुढील अर्जात लपवू नये. शेंगेन देशांची व्हिसाविषयक माहिती सामाईक असते.

समारोप

युरोपात जाणारा प्रत्येक वैद्य तेथील अधिकाऱ्यांच्या नजरेत एकटा नसतो. एकाने पर्यटनाच्या व्हिसावर शुल्क घेऊन रुग्ण तपासले, एकाच्या पेटीत विनालेबल भस्मे सापडली, की त्यामागून येणाऱ्या दहा जणांचे अर्ज अधिक कठोरपणे तपासले जातात. याउलट स्पष्ट हेतू, त्याला पूरक कागदपत्रे आणि निर्दोष सामान घेऊन जाणारा वैद्य पुढच्यांसाठी वाट सुकर करतो. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने प्रत्यक्ष अर्जापूर्वी संबंधित दूतावासाची अद्ययावत सूची अवश्य पाहावी. सभासदांनी आपले निमंत्रणपत्र स्वीकारण्यापूर्वी त्यातील प्रत्येक वाक्य प्रस्तुत लेखातील तीन प्रश्नांवर पारखून घ्यावे, एवढीच नम्र विनंती.